सप्टेंबरात घराची घडी का विस्कटते? न्यू जर्सीतल्या एका आईला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात तो असा: घर एडिसनजवळ, नवरा-बायको दोघंही नोकरीला. थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी पावणेदोन वर्षांची. उन्हाळाभर सासू-सासरे इथे होते, ते ऑगस्टच्या शेवटी पुण्याला परतले. लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाल्यावर थोरल्याचं प्रीस्कूल आणि धाकटीचं डेकेअर सुरू झालं आणि तेव्हापासून संध्याकाळ म्हणजे नुसती रडारड. थोरला घरात पाऊल टाकताच भोकाड पसरतो, धाकटी कडेवरून उतरत नाही. साडेआठला जेवण, मग पुण्याला व्हिडिओ कॉल, दहा वाजले तरी दोघं जागी. सकाळी साडेसहाला उठवताना पुन्हा तेच. वर शाळेतल्या बाई म्हणतात, ‘मुलगा गुणी आहे, आम्हाला काहीच त्रास नाही.’ त्यात सर्दी हटत नाही. हा हट्टीपणा आहे का, आपलं काही चुकतंय का, धाकटीला डेकेअरमधून काढावं का, सासूबाईंना पुन्हा बोलावून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी मध्य न्यू जर्सीतच एका प्रीस्कूलमध्ये शिकवते. दोन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये माझी बरीच वर्षं गेली आणि आमच्या वर्गांत मराठी घरांतली मुलं नेहमीच असतात. तुम्ही लिहिलंय ते दर सप्टेंबरात कुणी ना कुणी आई गाडीच्या दाराशी उभी राहून मला सांगतेच. त्या अनुभवावरून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आजारपणाबद्दल खाली जे येईल ते तुमच्या पेडियाट्रिशियनशी बोलून पक्कं करून घ्या.

आधी हट्टाचं. वर्गात मुलाला दिवसभर किती आवरून राहावं लागतं ते बघा. रांगेत उभं राहायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हातातलं खेळणं दुसऱ्याला द्यायचं, शू लागली तर इंग्रजीत सांगायचं, बाईंचं बोलणं अर्धंच कळलं तरी बाकीची मुलं करतात तसं करायचं. साडेचार वर्षांचं पोर हे सगळं आठ-नऊ तास निभावतं. मग आई दिसते आणि बांध फुटतो. तुमच्यापाशी रडायला त्याला भीती वाटत नाही म्हणून तो तुमच्यापाशी रडतो. बाई सांगतात तेही खरं आणि तुम्हाला घरी दिसतं तेही खरं. याला हट्टीपणा म्हणू नका, आणि यात तुमचा दोषही शोधू नका.

आता खरी अडचण कुठे आहे ते सांगते. एका महिन्यात तुमच्या मुलांच्या चार गोष्टी बदलल्या: माणसं, जागा, भाषा आणि उजेड. आजी-आजोबा गेले. दिवस घरातून वर्गात गेला. मराठी बोलणाऱ्या माणसांऐवजी इंग्रजी बोलणारी माणसं आली. आणि दिवस भराभर लहान होऊ लागला. एवढं सगळं बदललं, पण घरातली संध्याकाळ अजून जुलैचीच आहे. साडेआठचं जेवण आणि दहाची झोप उन्हाळ्यात चालून गेली, कारण सकाळी आठ-साडेआठपर्यंत लोळायची मुभा होती आणि दुपारी आजीच्या कुशीत भरपूर झोप होत होती. आता तेच वेळापत्रक मुलांना सोसत नाही.

हिशोब करून बघा. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्यांना १० ते १३ तास. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञ डॉक्टरांची शिफारसच तशी आहे. रात्री दहा ते सकाळी साडेसहा म्हणजे साडेआठ तास. धाकटीची डेकेअरमधली दुपारची झोप दीड तास धरली, आणि भोवती दहा पोरं असताना ती तेवढीही होत नाही, तरी बेरीज दहाच तासांची होते. रोज एक-दीड तासाची तूट, पाच दिवस. गुरुवार-शुक्रवारी तुमच्या घरी सगळ्यात जास्त रडारड होत असेल तर त्याचं कारण या बेरजेत आहे.

उजेडाचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपण तिकडून आलेली माणसं इथेच फसतो. पुण्यात वर्षभरात सूर्यास्ताची वेळ फार तर सव्वा तासाने मागेपुढे होते. थंडीतही सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. त्यामुळे ‘आठ-साडेआठचं जेवण’ तिथे बाराही महिने चालतं. इथे जूनमध्ये सूर्य साडेआठला मावळतो, सप्टेंबर लागताना साडेसातला, ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहाला, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली की पाचच्याही आत. सप्टेंबरात रोज अडीच-पावणेतीन मिनिटांनी दिवस लहान होतो. आपल्याला ते जाणवत नाही, कारण आपण दिवे लावतो. मुलांच्या शरीराला जाणवतं. अंधार पडला की त्यांना पेंग यायला लागते. नेमकं तेव्हाच घरात ट्यूब पेटलेली, टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या. झोपेची पहिली लाट अशी वाया गेली की मूल वरवर तरतरीत दिसतं, सोफ्यावरून उड्या मारतं. ‘याला झोपच येत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याची झोपेची वेळ टळून गेलेली असते.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं एकच आहे: संध्याकाळ अलीकडे ओढा. डेकेअर बदलण्याआधी, कुणाला बोलावण्याआधी, मुलाला शिस्त लावण्याआधी एवढं करा.

हे प्रत्येकाला सारखं जमत नाही हे मला माहीत आहे. कुणाचा प्रवास तास-दीड तासाचा असतो, कुणाची रात्री नऊला पुण्याच्या टीमबरोबर मीटिंग असते, कुणाच्या डेकेअरचं दार साडेसहालाच बंद होतं. काही मुलं जात्याच पटकन रुळतात, काहींना नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग उजाडतं. म्हणून खालच्या वेळा दगडावरची रेघ समजू नका. तुम्ही सव्वापाचला मुलांना घेता असं लिहिलंय, ते धरून सांगते.

पहिली दहा मिनिटं. गाडी सुरू करण्याआधी, पार्किंगमध्येच, दोघांना खायला द्या. तूप-साखर लावून गुंडाळलेली पोळी, केळं, चीज, काहीही, पण पोटाला आधार होईल असं. बरीच मुलं अकरा-साडेअकराला जेवलेली असतात आणि तीनला दोन क्रॅकर बिस्किटं मिळालेली असतात. त्या भुकेचं रडं आपण रागाचं समजतो. गाडी चालू असताना मात्र धाकटीच्या हातात खाणं देऊ नका, ठसका लागला तर तुम्हाला मागे वळताही येणार नाही. आणि या दहा मिनिटांत काही विचारू नका. ‘आज काय केलंस? कुणाशी खेळलास? डबा का नाही संपवला?’ हे आपण प्रेमाने विचारतो, पण दिवसभर उत्तरं देऊन दमलेल्या मुलाला ती आणखी एक परीक्षा वाटते. जवळ घ्या, पाठीवरून हात फिरवा, गप्प बसा. सांगायचं ते तो आंघोळीच्या वेळी आपणहून सांगेल.

मग सरळ घरात जाऊ नका. बूट पायात आहेत तोवर वीस मिनिटं बाहेर. तुमचं अपार्टमेंट आहे, अंगण नाही. पार्किंगच्या कडेचं मेपलचं झाड चालेल, समोरचा फुटपाथ चालेल. धाकटीला पानं गोळा करू द्या, थोरल्याला पळू द्या. एकदा घरात शिरून बूट काढले की पुन्हा बाहेर पडणं होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ऑक्टोबर संपेपर्यंत या वेळेला उजेड असतो, तो घ्या. माझ्या वर्गातल्या पालकांना मी सगळ्यात आधी हाच बदल सुचवते, कारण यात काही जुळवाजुळव लागत नाही आणि पहिल्याच आठवड्यात फरक दिसतो.

जेवण सव्वासहाला, मुलांचं. मऊ वरणभात, मुगाची खिचडी, धिरडं, दूध-पोळी. आठवड्याच्या दिवशी मुलांच्या ताटात चार पदार्थ हवेतच असं नाही. डाळ-तांदूळ सकाळी धुऊन भिजवून ठेवले तर आल्यावर कुकर लावून तुम्ही कपडे बदलेपर्यंत शिट्ट्या होतात. ‘सगळ्यांनी एकत्र जेवायचं’ ही आपल्या घरांतली चांगली रीत आहे आणि ती मोडायला मन होत नाही, हे मला कळतं. ती शनिवार-रविवारी जपा. सोमवार ते शुक्रवार मुलं जेवताना तुमच्यापैकी एकाने वाटीभर भात घेऊन त्यांच्याबरोबर बसावं. मुलांना सोबत हवी असते, सोबतीचं ताट पूर्ण वाढलेलं असण्याची गरज नसते. तुमचं जेवण त्यांना निजवून झाल्यावर, शांतपणे.

जेवणानंतर घरातले मोठे दिवे बंद, एखादा मंद दिवा चालू. टीव्ही आणि फोन नाहीत. सातच्या सुमारास आंघोळ. तुमचे यजमान साडेसहाला येतात आणि मुलं त्यांच्या अंगावर झेपावतात, मग पाऊण तास दंगामस्ती चालते, असं तुम्ही लिहिलंय. बाबाला दिवसभरात तेवढाच वेळ मिळतो, तो काढून घेऊ नका. फक्त कामं बदला: आंघोळ घालणं आणि गोष्ट सांगणं बाबाकडे द्या. तोच वेळ, तीच माया, पण मुलं चेकाळण्याऐवजी शांत होतात. साडेसातला धाकटी, आठला थोरला अंथरुणात.

हे सगळं एका रात्रीत करायला जाऊ नका. दहाला झोपणारं मूल आठला निजवलं तर दोन तास अंथरुणात झुंजेल आणि तुम्हीच कंटाळून सोडून द्याल. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. थोरल्याला तीन-साडेतीन आठवडे लागतील, धाकटीला चारच्या थोडे वर. सुरुवात सकाळपासून करा: शनिवार-रविवारीही साताच्या सुमारास पडदे उघडा, उजेड आत येऊ द्या. सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत झोपू दिलं तर सोमवारची सकाळ पुन्हा पहिल्यापासून. पहिले चार-पाच दिवस रडारड थोडी वाढली तरी सोडू नका.

दुपारच्या झोपेबद्दल बाईंशी बोला. धाकटीला ती हवीच. थोरला साडेचारचा आहे. तो शाळेत दोन तास झोपत असेल तर रात्री आठला त्याला झोप येणार नाही. ‘पाऊण तासानंतर उठवाल का, किंवा गादीवर बसून पुस्तक चाळू द्याल का?’ असं विचारा. बहुतेक शिक्षिका मदत करतात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आधी पोटाला, मग मोकळी हवा, मग जेवण आणि आंघोळ, आणि सगळं आठच्या आत. आणि ऑक्टोबर संपेपर्यंत आठवड्याच्या दिवशी कुठलाही क्लास लावू नका. पोहणं, नाच, गणित, काहीच नाही. रविवारची मराठी शाळा सुरू असेल तर ती मात्र राहू द्या. आठवडाभर इंग्रजीत वावरणाऱ्या मुलाला तिथे आपल्यासारखं बोलणारी मुलं भेटतात, त्याचा त्याला आधार वाटतो.

सकाळच्या ताटातुटीचं. धाकटी हात सोडत नाही म्हणून तुम्ही तिचं लक्ष नसताना निघून जाता, असं लिहिलंय. हे थांबवा, अगदी उद्यापासून. आई कधीही नाहीशी होऊ शकते हे एकदा मुलाच्या मनात बसलं की ते घरीसुद्धा तुम्हाला बाथरूमला जाऊ देत नाही. रोज तेच वाक्य म्हणा, ‘आई ऑफिसला जाते, खाऊच्या नंतर येते’, एक पापी, आणि वळून चालायला लागा. दारात रेंगाळू नका. ती रडेल. बहुतेक मुलं काही मिनिटांत शांत होऊन खेळायला लागतात. खात्री हवी असेल तर दहाला फोन करून विचारा, आम्हाला अशा फोनचा राग येत नाही. तिच्या झोपेच्या पांघरुणासोबत आजीने शिवलेली दुपट्याएवढी गोधडी ठेवता आली तर ठेवा. आमच्याकडे पांघरुणं शुक्रवारी धुवायला घरी जातात. गोधडी रोजच्या रोज धुऊ नका, तिचा घरचा वास राहू द्या.

एक कागदही करून द्या. त्यावर मुलं वापरतात ते मराठी शब्द इंग्रजी लिपीत आणि समोर अर्थ: शू, शी, पाणी, भूक, दुखतंय, आजी. पावणेदोन वर्षांचं मूल ‘पाणी, पाणी’ म्हणत फिरतंय आणि बाईंना कळत नाही, असं घडतं. मी मराठी आहे म्हणून आमच्या वर्गात ते निभावतं, सगळीकडे माझ्यासारखी कुणी नसते.

डब्याचं दोन वाक्यांत. पोळी-भाजी गार होऊन चिवट होते आणि जेवायला वेळ थोडाच असतो, म्हणून लहान घास करून द्या किंवा थर्मासमध्ये मऊ भात द्या. आणि बऱ्याच वर्गांत शेंगदाण्याला मनाई असते. आपल्या कोशिंबिरीत, भाजीत, चटणीत कूट इतकं सवयीने पडतं की लक्षातही येत नाही, तर डब्याचं तेवढं वेगळं काढा.

सर्दी. डेकेअरच्या पहिल्या वर्षात लहान मुलांना वर्षाला सहा-आठ, कधी दहासुद्धा सर्द्या होतात, आणि त्यातल्या बहुतेक सप्टेंबर ते मार्चमध्ये. एक सर्दी आठ-दहा दिवस चालते, म्हणजे दोन सर्द्यांमध्ये जेमतेम उसंत मिळते. तुम्हाला ‘हटतच नाही’ असं वाटतं ते यामुळे. मूल खातंय, खेळतंय, श्वास नीट घेतंय तर घाबरू नका, आणि केवळ सर्दीसाठी धाकटीला डेकेअरमधून काढू नका. आज काढलं तर हेच आजारपण किंडरगार्टनच्या वर्षी येईल. चार वर्षांखालच्या मुलांना दुकानातली खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत. व्हिक्स दोन वर्षांखाली लावायचं नाही, डबीवरच तसं लिहिलेलं असतं. म्हणजे धाकटीला अजून नाही. उशाशी कापराची पुरचुंडीही नको, कापूर मुलाच्या तोंडात गेला तर आकडी येऊ शकते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, भरपूर पातळ पदार्थ, आणि दोघंही वर्षापुढची असल्याने झोपताना चमचाभर मध चालेल. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर घरीच ठेवा. औषध देऊन ताप उतरवून सकाळी पाठवलेलं मूल अकराला पुन्हा तापतं, मग तुम्हाला मीटिंग सोडून यावं लागतं आणि तोवर आणखी चारजणांना लागण झालेली असते. औषधाशिवाय चोवीस तास ताप नाही, मगच शाळा. बरगड्या आत ओढल्या जात असतील, श्वास भराभर चालत असेल, लघवी कमी झाली असेल, तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

फ्लूची लस ऑक्टोबरातच उरकून घ्या. न्यू जर्सीत सहा महिने ते ५९ महिन्यांच्या मुलांना परवानाधारक डेकेअर किंवा प्रीस्कूलमध्ये राहायचं तर ३१ डिसेंबरपर्यंत ती लागतेच, आणि तुमची दोन्ही मुलं त्यात येतात. धाकटी पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस असतात, म्हणून उशीर नको. ड जीवनसत्त्वाचंही त्याच भेटीत विचारा. आपल्या सावळ्या कातडीला जास्त ऊन लागतं आणि इथल्या थंडीतलं ऊन त्यासाठी पुरत नाही.

कपड्यांत सगळ्यात जरुरीची गोष्ट कारसीटची. फुगीर जॅकेट घालून मुलाला कारसीटमध्ये बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण अपघाताच्या झटक्याने जॅकेटमधली हवा दबते आणि पट्टा सैल पडतो. घरी करून बघा: जॅकेट घालून पट्टा आवळा, मग पट्ट्याची लांबी न बदलता मुलाला बाहेर काढा, जॅकेट उतरवा आणि पुन्हा बसवून पट्टा लावा. खांद्याशी पट्टा चिमटीत धरता येईल इतका ढिला झालेला दिसेल. पातळ स्वेटरवर पट्टा बांधायचा आणि जॅकेट वरून उलटं पांघरायचं. बाकी सप्टेंबर-ऑक्टोबरात सकाळी गारठा आणि दुपारी ऊन असतं, तेव्हा एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला. थोरल्याला स्वतःची झिप लावायला आताच शिकवा. नोव्हेंबरात पंधरा मुलांच्या झिपा लावताना ज्याला येते तो सगळ्यात आधी मैदानात पळतो, आणि ते त्याला फार आवडतं.

पानांच्या ढिगात खेळू द्याच, मात्र आल्यावर गोचीड बघा. आपल्या राज्यात लाइम आजार बराच आहे आणि तो पसरवणारी पूर्ण वाढलेली गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरातही फिरत असते. कानामागे, केसांच्या मुळाशी, काखेत, गुडघ्यामागे, आंघोळीच्या वेळी रोज हात फिरवा. सहसा चोवीस तासांहून जास्त चिकटून राहिली तरच लागण होते, त्यामुळे रोजची नजर पुरते. दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावणं, चटका देणं असले उपाय नकोत. कपडे ड्रायरमध्ये दहा मिनिटं कडक तापवले की त्यातल्या गोचिडी मरतात.

नोव्हेंबरचं आधीच सांगून ठेवते. घड्याळं मागे गेली की मुलं साडेसहाऐवजी साडेपाचला उठून बसतात. त्या रविवारच्या आधी चार दिवस झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटं पुढे ढकला, म्हणजे बदल अंगवळणी पडतो. तेव्हापासून मुलांना घेताना काळोख असेल. बाहेरची वीस मिनिटं सकाळी घ्या किंवा संध्याकाळी टॉर्च घेऊन चाला, मुलांना टॉर्चचं अप्रूप असतं. हॅलोविन आणि दिवाळी साधारण लागूनच येतात. चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खा शेंगदाणा, काजू, कडक गोळी अडकू शकते, म्हणून धाकटीच्या वाटीत चिवडा देऊ नका. बेसनाच्या लाडवाचा चुरा द्या. कामाच्या दिवशी दिवाळी आली आणि तुमच्या भागातल्या शाळांना सुट्टी नसेल तर पहाटेचं अभ्यंगस्नान लगतच्या शनिवारी करा. मुलांना तिथी कळत नाही, उटण्याचा वास कळतो. इथल्या हीटरच्या हवेत कातडी फुटते, तर त्या दिवशी नुसत्या उटण्याने घासू नका, आधी तेल जिरू द्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सासूबाईंचा. संध्याकाळ सावरायला त्यांना घाईने बोलावू नका. डिसेंबर-जानेवारीत इथे येऊन त्या घरात कोंडून पडतील आणि चार महिन्यांनी मुलांची पुन्हा ताटातूट होईल. मुलांना त्यांची आठवण येते हे मात्र खरं, आणि ती बोलून दाखवा. ‘आजीची आठवण आली ना? मलाही आली’ असं म्हटल्याने मूल जास्त रडतं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ते हलकं होतं. व्हिडिओ कॉलची वेळ तेवढी बदला. रात्री नऊला तिकडे सकाळचे साडेसहा असतात, आजी-आजोबा उठून बसतात खरे, पण इकडे मुलांची झोप उडते. शनिवारी-रविवारी सकाळी आठला करा, तिकडे संध्याकाळचे साडेपाच. नोव्हेंबरनंतर साडेसहा होतील. तुमची मुलं नाश्ता करताहेत आणि आजोबा चहा घेताहेत, असं समोरासमोर बसा. कामाच्या दिवशी थोरल्याकडून त्याने गोळा केलेल्या पानाचा फोटो पाठवून घ्या, तेवढं पुरतं.

पुढच्या वर्षी त्यांची तिकिटं काढताना मात्र एक पाळा. एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात या म्हणावं, आणि परतीची तारीख शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात नको. एक तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाऊ देत, म्हणजे शाळेआधी महिनाभर मुलं तुमच्या दोघांच्या हाताला रुळतील. नाही तर सप्टेंबरअखेरपर्यंत थांबू देत, म्हणजे वर्गाची सवय झाल्यावर निरोप होईल. गणपती ज्या वर्षी सप्टेंबरच्या मध्याला येतात त्या वर्षी ते नातवंडांबरोबर होतील, म्हणून दुसरा पर्याय त्यांनाही आवडेल. थोरला पुढच्या सप्टेंबरात किंडरगार्टनला जाणार असेल, तर मी तुमच्या जागी दुसराच निवडेन.